केव्हा, ते सांगेन

केव्हा, ते सांगेन, म्हणाला व्हर्लिन डोस्टल.
कुठे, ते नाही.
फेब्रुवारी होता. खिडकीबाहेर टर्की नदी गोठलेली,
आणि माझ्या टेबलावर त्याचा नवाकोरा गुडघा
साठ अंशांपुढे वाकायला तयार नव्हता.

केव्हा म्हणजे
ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली की.
रात्री एकच पांघरूण पुरलं की.
काल पाऊस, आज ऊन,
आणि मातीत खुपसलेलं बोट
लगेच काढून घ्यावंसं वाटलं नाही की.
आधी दक्षिणेकडची उतरण, ती लवकर तापते.
आठवड्याने उत्तरेकडची.
लायलॅक कोमेजला की पिशवी खुंटीला.

आणि कुठे?
मी कोनमापक धरून विचारलं.
पंच्याऐंशीला, दातओठ खात, तो म्हणाला:
एल्मखाली.
आख्ख्या आयोवात एल्म काय एकच आहे?
मार्चमध्ये, शंभराला:
मेलेल्या एल्मखाली. पण नुकत्याच मेलेल्या.
साल सुटलेली हवी, गळालेली नको.
जुनं मरण कामाचं नाही.

एकशे दहाला मात्र अडला.
गुडघाही, माणूसही.
त्याच्या बापाने म्हणे शेवटच्या आजारात
जमिनीचे कागद कुठे ते सांगितलं,
बँकेतली किल्ली कुठे ते सांगितलं,
गुच्छीची जागा तेवढी बरोबर नेली.
याला ती सापडली एकेचाळिसाव्या वर्षी,
हरवलेलं वासरू शोधताना.
वासरू सापडलं का, ते मी विचारायचं राहून गेलं.

मेच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सहाला फोन:
पानं बघितलीस?

ट्रकमध्ये कांद्याची रिकामी जाळी मांडीवर घेऊन बसला होता.
जाळीच का, तर चालताना बीज खाली सांडत राहावं.
कुंपणापाशी थांबलो.
त्याने उताराकडे पाहिलं. गुडघ्याकडे पाहिलं.
माझ्याकडे नाही.
बराच वेळ इंजिन नुसतंच चालू.
मग समोरच्या काचेला सांगावं तसं म्हणाला,
ओढा डाव्या हाताला ठेव. गंजलेल्या नांगरापासून वर.
तीन आहेत. मधला.

पाऊण तास काही नाही.
गेल्या वर्षीचा पाचोळा, हरणाच्या लेंड्या,
मेअॅपलच्या हिरव्या छत्र्या,
मानेवर चढू पाहणारी एक गोचीड.
एल्मची साल हाताला लागताच
भिजल्या पुठ्ठ्यासारखी सुटून आली.
खालून दोनदा हॉर्न.
वैतागून मी तिथेच उकिडवी बसले,

आणि समोर एक.
करडी, ओली, सुरकुतलेली,
कुणी मधाचं पोळं पिळून उभं केल्यासारखी.
तिच्यामागे दुसरी.
मग माझ्या बुटालगत, मी आताच जिथून आले तिथे,
सात, नऊ, सतरा.
काहीच बदललं नव्हतं,
फक्त मी खाली आले होते.
तेव्हा कळलं, हिवाळाभर
तो कशासाठी वाकत होता.

ट्रकच्या फळीवर त्याने एकेक उभी चिरली.
टोकापासून देठापर्यंत पोकळ, ती खरी.
आत कापसासारखं काही भरलेलं, ती फेक,
दिसायला कितीही गोड असो.
एकीतून मुंगी निघाली, तिला हाताने वाट करून दिली.
कच्ची कधी खायची नाही, हे तीनदा बजावलं.
मग त्याच्या स्वयंपाकघरात लोणी, बिडाचा तवा, मीठ.
मी मिरपूड घातली,
त्याने न पाहिल्यासारखं केलं.

सोमवारी दवाखान्यात जोलीनने माझी नखं पाहिली.
कुठे गं?
नदीपलीकडे, म्हणाले मी,
आणि हात केला तो भलतीकडेच.
बारा वर्षं झाली मला या गावात,
ताकास तूर लागू न देणं
त्या दिवशी पहिल्यांदा जमलं.

फाइलमध्ये लिहिलं:
व्हर्लिन डोस्टल, उजवा गुडघा, एकशे चौदा अंश.
प्रगती समाधानकारक.
पुढची तारीख.